अण्णा, जरा उठून दाखवता का?

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. आत्या सकाळीच आली होती. पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढून झाली होती, निरांजन लागले होते. "दादा, बस ना आता," आत्या म्हणाली. अण्णा पाटाकडे क्षणभर नुसते पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, "या वर्षी आपण खुर्चीवर बसणार बुवा! इतकी वर्षं पाटावर बसून कंटाळा आला."

सगळे हसले. माझ्या मुलाने पटकन खुर्ची आणून दिली. आत्याने ओवाळले, अण्णांनी तबकात ओवाळणी घातली आणि आम्ही सारी मंडळी फराळाकडे वळलो.

मीही हसले होते, आणि हेच मला आज सांगायचे आहे. कारण मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली अठ्ठावीस वर्षे पुण्यात माझे हेच काम चालू आहे. रोज पाच-सात वृद्ध माणसे माझ्याकडे येतात आणि त्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो हा : "आजोबा, जरा उठून दाखवता का?" माणूस खुर्चीतून कसा उठतो, उठताना हात कुठे टेकतो, उभा राहिल्यावर क्षणभर थांबतो की लगेच चालू लागतो, एवढ्यावरून त्याच्या पायांची निम्मी हकीकत मला कळते. आणि माझ्या स्वतःच्या वडिलांनी डोळ्यांदेखत पाट सोडून खुर्ची घेतली तेव्हा मी हातात चकली घेऊन हसत होते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संक्रांत दोन दिवसांवर आली असताना पहाटे तीनच्या सुमारास धप्प असा आवाज झाला. अण्णा न्हाणीघराच्या दारात पडले होते. डावे मनगट मोडले. मांडीचे हाड वाचले, हे आमचे नशीब. इस्पितळात प्लास्टर घातले, गोळ्या लिहून दिल्या आणि "आता वय झालंय, जपायला हवं" एवढे सांगून आम्हाला घरी पाठवले. मनगटाचे फोटो तीन काढले, पण ते पडले का, हे कोणीच विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही. घरी आल्या आल्या मी हुकूम सोडला : "अण्णा, आता एकट्याने कुठेही जायचं नाही. काय हवं ते आम्ही आणून देऊ. तुम्ही नुसते बसून राहा."

अण्णा निवृत्त गणित-शिक्षक. उगाच बोलायचे नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तू लोकांच्या आईबापांना चालायला लावतेस, आणि मला बसवतेस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोडलेल्या गोष्टींची यादी

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. "अण्णा, गेल्या दोन वर्षांत तुम्ही काय काय करायचं सोडलंत, ते मला सांगा. खरंखरं."

आधी टाळाटाळ झाली. मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. पर्वतीला जाणे कधीच सुटले होते. आम्हाला वाटे, त्यांचे मित्र येईनासे झाले म्हणून. वाचनालयात जाणे सुटले होते, कारण बसची पहिली पायरी फार उंच. गच्चीवर जात नव्हते. पायजमा आता पलंगावर बसून चढवत होते, कारण एका पायावर उभे राहिले की तोल जाई. आणि सर्वांत वाईट म्हणजे संध्याकाळी सहानंतर ते पाणीच पीत नव्हते. रात्री उठावे लागू नये म्हणून!

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? काल केलंस तेच."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, आपल्या घरातली म्हातारी माणसे पायांची तक्रार करीत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असते. पाय गेले असे कबूल केले की स्वातंत्र्य गेले, ही भीती त्यांना असते. म्हणून ती तक्रार न करता हळूच एकेक गोष्ट सोडून देतात आणि सोडण्याला एखादे गमतीदार कारण जोडतात. 'पाटाचा कंटाळा आला' हे तसलेच एक कारण होते.

घड्याळ आणि खुर्ची

मग मी अण्णांची रीतसर परीक्षा घेतली. या परीक्षा अवघड नाहीत. त्यांना यंत्र लागत नाही. एक खुर्ची, एक टेप आणि सेकंद दाखवणारे घड्याळ पुरे. घरोघरी त्या करता येतात. फक्त एक पथ्य पाळायचे : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि एका धडधाकट माणसाने अगदी शेजारी उभे राहायचे. चक्कर आली, छातीत दुखले किंवा धाप लागली की तिथेच थांबायचे.

पहिली परीक्षा उठाबशीची. कॅलिफोर्नियातील रिकली आणि जोन्स या दोन अभ्यासक बाईंनी १९९९ साली ती प्रसिद्ध केली. साधारण सतरा इंच उंचीची, बिनहातांची खुर्ची घ्यायची. दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजायचे. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा आणि बाईला ११ पेक्षा कमी वेळा जमले तर पाय सरासरीपेक्षा दुबळे. ७५ ते ७९ या वयात हेच आकडे ११ आणि १० असे आहेत. ८० ते ८४ या वयात १० आणि ९. हे आकडे अमेरिकेतल्या माणसांवरून बसवलेले आहेत, तेव्हा एखादा कमी आला म्हणून घाबरू नये. पण हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर नियमाप्रमाणे गुण शून्य.

अण्णा त्या वेळी ७८ वर्षांचे. प्लास्टरचा हात गळ्यात. त्यांनी तीनदा जोर केला, चेहरा लाल झाला, पण बूड काही खुर्ची सोडीना. शेवटी उजवा हात खुर्चीवर रेटून उठले.

"किती झाले?" त्यांनी विचारले.

"शून्य," मी म्हणाले. माझा आवाज जरा कापरा झाला असावा.

"वा!" अण्णा म्हणाले. "आयुष्यभर पोरांना भोपळे वाटले, आज मला मिळाला!"

दुसरी परीक्षा उठून चालण्याची. १९८६ साली मथायस, नायक आणि आयझॅक्स या तिघांनी ती सुचवली तेव्हा परीक्षकाने नुसते डोळ्यांनी पाहून गुण द्यायचे होते. १९९१ साली माँट्रियलच्या पोडसिआडलो आणि रिचर्डसन या दोघींनी तिला घड्याळ जोडले. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. पायांत रोजचीच पादत्राणे, हातात रोजची काठी असली तरी चालेल. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर तो माणूस पडण्याचा संभव आहे असे समजावे. अण्णांना १९ सेकंद लागले. त्यांतले बरेचसे उठण्यात आणि वळण्यात गेले. वळताना ते अर्धे वर्तुळ सात-आठ बारक्या पावलांनी पुरे करीत होते.

तिसरी परीक्षा तोलाची. प्रथम दोन्ही पावले जुळवून दहा सेकंद उभे राहायचे. मग एक पाऊल अर्धे पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, दोरीवर उभे राहावे तसे. शेवटी एका पायावर. तिसऱ्या अवस्थेत दहा सेकंद टिकता येत नसेल तर धोका आहे. अण्णा चार सेकंद टिकले.

चौथी परीक्षा वेगाची. चार मीटर सरळ अंतर आखायचे आणि नेहमीच्या चालीने ते किती सेकंदांत कापले जाते ते पाहायचे. पाच सेकंदांहून अधिक लागले तर चाल मंद. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी नऊ निरनिराळ्या अभ्यासांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे आढळले की चाल जितकी जलद, तितके पुढचे आयुष्य सरासरीने अधिक. यात जादू नाही. चालायला हृदय लागते, फुप्फुसे लागतात, डोळे, कान, मज्जातंतू, सांधे, स्नायू सारे लागते. यांपैकी काहीही कुरकुरू लागले की पाऊल मंदावते. म्हणून चाल हा साऱ्या शरीराचा जमाखर्च आहे, असे मी म्हणते.

आपल्या घरात दिसणाऱ्या खुणा

घड्याळ न लावताही पुष्कळ दिसते. स्वीडनमधल्या काही संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट नोंदली. वृद्धाश्रमातल्या ५८ जणांबरोबर ते चालू लागले आणि चालता चालता गप्पा काढल्या. बारा जण उत्तर द्यायला मध्येच थांबले. पुढल्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले! चालण्यावरच सारे लक्ष खर्च होत असेल तर बोलायला शिल्लक उरत नाही. आपले आजोबा रस्त्यात बोलायला थांबले की आपण म्हणतो, काय रंगात आलेत! ते रंगात आलेले असतात की तोल सांभाळत असतात, हे एकदा पाहावे.

जपानमध्ये एक घरगुती युक्ती आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडे करायचे आणि ते स्वतःच्या पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती घालायचे. कडे घट्ट बसले किंवा पुरलेच नाही तर उत्तम. मध्ये फट राहून कडे सैल पडले तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी.

आणि पाटाचे काय? जमिनीवरून उठणे हीदेखील एक परीक्षा आहे, आणि ती ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी रीतसर बसवली आहे. जमिनीवर बसायचे पाच गुण आणि उठायचे पाच. जितक्या वेळा हात किंवा गुडघा टेकावा लागेल तितके गुण वजा, आणि तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांचा असा हिशेब ठेवून त्यांनी २०१२ साली दाखवले की ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपट होते. ही परीक्षा मात्र घरी घेऊ नये. गुडघेदुखीच्या माणसाला तर नाहीच. पण आपल्याकडे ती न घेताच रोज होत असते. देवपूजेला कोण खाली बसते, कोण स्टूल मागते. पंगतीतून उठताना कोण शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवते. आजी निवडायची भाजी जमिनीवरून टेबलावर केव्हा गेली, हे घरातल्यांनी पाहिले तर पुरे आहे.

पाय का जातात?

नुसते 'वय झाले' हे उत्तर नव्हे. वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरे, आणि त्यातही चटकन आकसणारे तंतू आधी जातात. ठेच लागली असता पाऊल झटकन पुढे टाकून आपल्याला सावरतात ते हेच तंतू. पण या झिजेवर बैठेपणाची भर पडते. पाय दुबळे म्हणून माणूस बसतो, आणि बसतो म्हणून पाय अधिक दुबळे होतात. आठ-दहा दिवसांच्या अंथरुणानेही म्हाताऱ्या मांड्या पार सुकतात.

याखेरीज इतर कारणे शोधावी लागतात. मधुमेहाने तळव्यांची जाणीव बोथट होते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी मज्जातंतू बिघडतात, आणि शाकाहारी घरांत ही उणीव पुष्कळ आढळते. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जिन्याची पायरी अस्पष्ट दिसते. सपाता मागून सुटतात. नखे वाढतात, कुरूप होते, आणि वाकता येत नाही म्हणून ते कोणी पाहत नाही.

अण्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. मी त्यांना पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब मोजला : वरचा आकडा १३८. उभे करून एका मिनिटाने पुन्हा मोजला : ११२! उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला तर ते बरोबर नाही, असे समजतात. अण्णा रक्तदाबाची एक गोळी घेत होते, प्रोस्टेटची एक रात्री घेत होते, आणि तिसरी एक झोपेची, जी केव्हातरी कोणीतरी लिहून दिली होती आणि कोणीच बंद केली नव्हती. त्यात संध्याकाळपासून पाणी नाही. पहाटे तीनला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येणार नाही तर काय होईल? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी हे आकडे दाखवले. त्यांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करीत बंद केली आणि इतरांची मात्रा व वेळ बदलली. हे काम मात्र डॉक्टरांचेच. घरच्या घरी गोळ्या बंद करण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

भोपळ्यापासून पुढे

पाय पुन्हा येतात का? येतात. बॉस्टनमध्ये १९९० साली एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम देऊन पाहिला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने पावणेतीनपटीच्या घरात गेली. नव्वदीत हे होते, तर अठ्ठ्याहत्तरीत का होऊ नये? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने बसवलेल्या घरगुती व्यायामक्रमाने वृद्धांचे पडणे सुमारे एक-तृतीयांशाने घटले, हेही सिद्ध झालेले आहे.

आम्ही जे केले ते अगदी साधे होते. प्रथम खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून उंची वाढवली. उंचावरून उठायला सोपे जाते. तिथून हात न लावता पाच वेळा उठायचे, दम घ्यायचा, पुन्हा पाच. ते जमले की एक उशी काढायची. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. घोट्याला वाळूची पिशवी बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करायचा. ओट्याशीच उभे राहून टाच-अंगठा जुळवून तोल साधायचा, हात ओट्यापासून चार बोटांवर. आठवड्यातून तीन दिवस हे, आणि रोज चालणे. जेवणात दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, वर वाटीभर दही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारून करावे. रात्री पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसून मगच उठायचे. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवली, दारातले सरकणारे पायपुसणे काढले, एक मंद दिवा रात्रभर ठेवला. पाणी पुन्हा सुरू झाले.

पहिला महिना कंटाळवाणा गेला. "काही फरक नाही, उगाच खुर्ची झिजते आहे," असे अण्णा म्हणत. पण ते गणिताचे मास्तर. त्यांनी आलेखाच्या कागदावर आपले गुण मांडायला सुरुवात केली. गुढीपाडव्याला तीन. आषाढी एकादशीला सात. मध्ये ताप आला आणि रेघ पाचावर उतरली, तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत. गणपतीत दहा. मी म्हटले, "अण्णा, छान!" तर म्हणाले, "तुमच्या पुस्तकाप्रमाणे अकरा हवेत. एका गुणाने नापास." दसऱ्याला अकरा झाले. उठून-चालण्याची वेळ १९ वरून १२ च्या आत आली.

सगळेच परत आले असे मी म्हणणार नाही. पर्वतीच्या पायऱ्या ते तीस-पस्तीस चढतात आणि कठड्याशी बसून खालचे शहर पाहतात. बसमध्ये अजून कोणीतरी हात द्यावा लागतो. पण गुरुवारी वाचनालयात एकटे जातात. पहिल्या गुरुवारी मी त्यांच्या नकळत शंभर पावले मागून चालत गेले होते. कोपऱ्यावर त्यांना एक जुना विद्यार्थी भेटला. अण्णा त्याच्याशी बोलत राहिले, आणि चालतही राहिले! मी तिथूनच परत फिरले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी दोन-चार दिवसांवर आलेली असेल. घरी आजी-आजोबा येतील, काका-मावश्या येतील. ओवाळून झाल्यावर, फराळाच्या ताटाकडे वळण्याआधी, एवढे करा : ते कसे उठतात तिकडे पाहा. पण पाहून झाल्यावर "तुम्ही आता बसा" असे मात्र म्हणू नका.

परवा मी अण्णांना विचारले, "भाऊबीजेला काय मांडू? पाट की खुर्ची?"

ते थोडा वेळ विचार करीत होते. मग म्हणाले, "पाट मांड. आणि शेजारी खुर्ची ठेव. उठताना हात टेकीन तिच्यावर. त्याचे गुण कापायचे असतील तर काप."